बेणें राखून ठेवा

शास्त्रपाठ : निर्गम १८ : १३ ते २७, प्रेषितांचीं कृत्यें ६ : १ ते ७, २ तीमथ्य २ : २



वर दिलेल्या पहिल्या पाठांत मोशेचें जें चित्र आहे, तें खेड्यांत सेवा करणाऱ्या प्रत्येक उपदेशकानें एकदां नीट न्याहाळून पाहावें. मिसर देशांतून सुटून आलेले लोक अरण्यांत तळ देऊन राहिले आहेत. मोशे सकाळीं न्याय करावयास बसतो आणि लोक त्याच्याभोवतीं संध्याकाळपर्यंत उभे राहतात. लहान तंटा असो कीं मोठा असो, सर्व एकाच माणसापुढें येतो. मोशे आळशी नव्हता, लोभी नव्हता, मानाचा भुकेलाहि नव्हता. लोकांवरील प्रेमानेंच तो हा भार वाहत होता. तरी त्याचा सासरा इथ्रो हें पाहून संतुष्ट झाला नाहीं. त्यानें जांवयास उघड सांगितलें कीं, ही रीत बरी नव्हे. अशानें तूं तर झिजून जाशीलच, पण तुझ्याबरोबर हे लोकहि झिजून जातील.

इथ्रोच्या बोलण्याच्या पूर्वार्धाकडे आपलें लक्ष सहज जातें. उत्तरार्धाकडे जात नाहीं. पुढारी थकतो हें सर्वांस दिसतें. परंतु जे दिवसभर उभे राहून वाट पाहतात तेहि थकतात, त्यांचें बळ न वापरल्यामुळें क्षीण होत जातें, हें फार थोड्यांस दिसतें. ज्या मंडळींत प्रार्थना करणें पाळकाचें काम, वाचन करणें पाळकाचें काम, आजाऱ्यास भेटणें पाळकाचें काम, भांडण मिटविणें पाळकाचें काम, त्या मंडळीचे हात व जीभ हळूहळू लुळीं पडतात. बाहेरून पाहणारा म्हणतो, काय हा कष्टाळू पाळक! आणि आंत मंडळी दिवसेंदिवस अशक्त होत असते.

इथ्रोनें जो उपाय सांगितला तोहि ध्यानांत घ्या. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर एकेक नायक नेमावा. अवघड गोष्ट तेवढी मोशेकडे यावी. ह्यांत हजारांवरील नायकाचें नांव ऐकून आपलें मन मोठें होतें. पण ज्या व्यवस्थेवर सर्व रचना उभी राहिली ती दहांवरच्या नायकाची होय. दहा माणसें म्हणजे आपल्या वस्तीवरील दोनतीन घरें. त्या घरांत आज चूल पेटली कीं नाहीं, कोणाला ताप आला, कोणाचा मुलगा रागावून निघून गेला, हें ज्याला विचारल्यावांचून कळतें तो दहांवरचा नायक. त्याच्या अंगीं कोणते गुण असावेत? कर्तबगारी असावी, देवाचें भय असावें, खरेपणा असावा, आणि अन्यायाच्या पैशाचा तिटकारा असावा. विद्या, शेतजमीन, घराणें, जात ह्यांपैकीं कशाचाहि तेथें उल्लेख नाहीं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यांत हळद पिकते. हिंगोलीच्या व वसमतच्या बाजारांत हळदीचे ढीग आपण सर्वांनीं पाहिले आहेत. हळद काढल्यावर शेतकरी ती शिजवितो, उन्हांत वाळवितो, घांसून तिला चकाकी आणतो. मग तिला भाव येतो. परंतु कोणी शहाणा शेतकरी आपली सगळी हळद शिजवीत नाहीं. चांगले, निरोगी गड्डे निवडून तो बेण्यासाठीं निराळे काढतो व सावलींत पाल्याखालीं झांकून ठेवतो. तें बेणें दिसावयास मळकट असतें. बाजारांत त्यास चकाकलेल्या हळकुंडाचा मान नाहीं. पण शिजलेलें हळकुंड कितीहि पिवळेंधमक दिसलें तरी त्याला पुन्हां कोंब फुटत नाहीं. पुढच्या वर्षाचें सारें शेत त्या मळकट गड्ड्यांतच असतें.

बंधूंनो, मंडळीच्या पुढारपणाची कसोटी हीच आहे. पुढारी आज किती चकाकतो ह्यावरून त्याची परीक्षा होत नाहीं. त्यानें बेणें किती राखून ठेवलें, त्याच्या मागें कोणाच्या ठायीं कोंब फुटला, ह्यावरून ती होते. पौलानें तीमथ्याला लिहितांना हीच सांखळी बांधून दिली. पौलाकडून तीमथ्यानें ऐकावें, तीमथ्यानें विश्वासू माणसांच्या स्वाधीन करावें, आणि त्या माणसांनीं आणखी दुसऱ्यांस शिकवावें. एका वचनांत चार पिढ्या आल्या. ज्याची दृष्टि चौथ्या कडीपर्यंत जात नाहीं त्याचें काम त्याच्याबरोबरच संपतें.

ह्या गोष्टीची साक्ष आपल्या महाराष्ट्र मंडळीच्या इतिहासांतहि मिळते. प्रथम आपल्या शेजारचें उदाहरण घेऊं. आपला जिल्हा १९९९ सालीं परभणी जिल्ह्यांतून निराळा झाला; आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत, आपल्या पश्चिमेस जालना येथें, १८६३ च्या सुमारास रे. नारायण शेषाद्री यांनीं सुवार्तेचें काम आरंभिलें. ते ब्राह्मण कुळांतले. १८४३ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यानेंहि त्यांचा मार्ग धरूं पाहिला, तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें व मुलगा बापाच्या स्वाधीन झाला. नारायणरावांस घर व भाऊ दोन्ही अंतरले. ते जालन्यास आले तेव्हां त्यांचें ऐकणारे बहुतेक महार व मातंग समाजांतले होते. ज्यांना गांवच्या विहिरीवर पाणी भरूं देत नसत, ज्यांना स्वतःची म्हणावयास वीतभर जमीन नव्हती, अशा लोकांकरितां निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून जमीन मिळाली व तिच्यावर ‘बेथेल’ नांवाची ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. बेथेल म्हणजे देवाचें घर.

नारायणरावांचें नांव इतिहासांत राहिलें हें योग्यच आहे. पण विचार करा, गांव एका माणसानें वसतें काय? घरें कोणी बांधलीं? विहिरी कोणी खणल्या? आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या गांवीं जाऊन, त्यांच्या शिव्या खाऊन, पुन्हां पुन्हां प्रभूचें नांव कोणी सांगितलें? त्या माणसांचीं व बायकांचीं नांवें आज आपल्यापुढें नाहींत. तीं जीवनाच्या पुस्तकांत आहेत. आपल्या देशांत जेथें जेथें खेड्यांतून सुवार्ता पसरली तेथें ती बहुधा एका नातलगाच्या तोंडून दुसऱ्या नातलगाच्या कानीं गेली आहे. चळवळीला आरंभ करून देणारा एक असतो. पण तिला पाय देणारे दहांवरचे नायकच असतात.

आतां दुसरें उदाहरण पाहा. रे. नारायण वामन टिळक यांचें नांव ठाऊक नाहीं असें आपल्यांत घर नसेल. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला; पुढें राहुरी व अहमदनगर येथें त्यांनीं सेवा केली. १९१७ सालीं मिशनच्या पगाराचें काम सोडून ते साताऱ्यास गेले व तेथें त्यांनीं ‘देवाचा दरबार’ उभारिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांनीं एकत्र यावें, परदेशी चालीच्या ओझ्यावांचून ह्या मातीच्या रीतीनें प्रभूची भक्ति करावी, असा त्यांचा हेतु होता. हेतु थोर होता व पुढारी तर असामान्य होता. परंतु १९१९ च्या मे महिन्यांत टिळक निवर्तले. दरबाराला मूळ धरावयास दोन वर्षेंहि पुरतीं मिळालीं नाहींत, आणि जें टिळकांच्या तेजानें उभें राहिलें होतें तें त्यांच्या मागें फार टिकलें नाहीं.

तरी टिळकांचें सर्वच त्यांच्याबरोबर गेलें काय? नाहीं. त्यांनीं शेंकडों गीतें रचून लोकांच्या मुखीं दिलीं. तीं आज शंभर वर्षांनंतरहि आपल्या प्रार्थनामंदिरांत दर रविवारीं उठतात. ज्या म्हातारीला अक्षर येत नाहीं तिलाहि तीं पाठ आहेत. त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ हें काव्य आरंभिलें व अकराव्या अध्यायाच्या सुमारास त्यांची लेखणी थांबली. तें काव्य पुरें कोणी केलें? ज्यांस शाळेचें शिक्षण मिळालें नव्हतें त्या लक्ष्मीबाईंनीं आणखी ६४ अध्याय रचून पुरें केलें. पाहा, जें पुढाऱ्याच्या एकट्याच्या हातीं राहिलें तें ओसरलें. जें त्यानें दुसऱ्यांच्या मुखीं व हातीं दिलें तें जिवंत राहिलें. एकाच थोर पुरुषाच्या आयुष्यांत शिजलेलें हळकुंड व बेणें दोन्ही आपणांस दिसतात.

तिसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. पुढें १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत उपाशी, निराधार मुलींस गोळा करून त्यांनीं पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें मुक्तिसदन वाढविलें. त्या मुलींस त्यांनीं केवळ अन्न घालून बसविलें नाहीं. कोणी मागावर बसली, कोणी शेतांत, कोणी गोठ्यांत, कोणी छापखान्यांत खिळे जुळवूं लागली. १९०५ सालीं तेथें प्रार्थनेचा मोठा जागर झाला, तेव्हां मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास निघाल्या. काल ज्या स्वतः भुकेनें पडल्या होत्या त्याच आज दुसऱ्यांस जीवनाची भाकर वाटूं लागल्या. १९२१ सालीं रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमाबाई वारल्या, आणि १९२२ सालीं स्वतः रमाबाई प्रभूकडे गेल्या. आई गेली, लेक गेली. जगाच्या हिशेबानें घराचा दिवा विझावयास पाहिजे होता. पण रमाबाईंनीं केलेलें शास्त्राचें मराठी भाषांतर त्यांच्या मागें तेथील छापखान्यांतून छापून बाहेर पडलें, व मुक्तिसदनाचें काम अद्यापि चालूं आहे. कारण तें काम एकटीच्या ओंजळींत नव्हतें. पुष्कळ हातांस त्याची संवय झाली होती.

ही गोष्ट आपल्या शेजाऱ्यांसहि ठाऊक आहे. परंपरेनें ज्यांचें जन्मगांव मानलें जातें तें संत नामदेवांचें नर्सी आपल्याच जिल्ह्यांत आहे. नामदेव जातीचे शिंपी. त्यांच्या भोवतीं जे जमले त्यांत घरकाम करणारी जनाबाई होती, वेशीबाहेरचे चोखामेळा होते. प्रत्येकाचा सूर निराळा, आणि प्रत्येकाला गावयास मोकळीक. नामदेवांच्या नांवाचीं ६१ पदें पंजाबांत शीख लोकांच्या ग्रंथसाहेबांत आजहि म्हटलीं जातात. आणि गांवोगांव जो सप्ताह बसतो त्यांत वीणेची व्यवस्था कशी असते, हें आपण लहानपणापासून पाहिलें आहे. सात दिवस वीणा खालीं ठेवावयाची नाहीं. पण म्हणून ती एकाच्याच गळ्यांत सात दिवस राहते काय? एकाचा पहारा संपला कीं दुसरा पुढें येतो, वीणा त्याच्या गळ्यांत जाते, आणि तार मुकी होत नाहीं. आपली श्रद्धा निराळी आहे, आपला प्रभु निराळा आहे. पण पहारा बदलण्याचें हें शहाणपण शेजाऱ्यापासून शिकावयास आपणांस लाज कां वाटावी?

आतां आपल्या आजच्या स्थितीकडे वळूं. परदेशी मिशनरी मंडळी केव्हांच आपल्या देशीं परत गेली. १९७० सालीं नागपुरास सहा मंडळ्यांनीं एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही मंडळी स्थापिली. इतर मंडळ्यांचाहि कारभार आज आपल्याच लोकांच्या हातीं आहे. प्रत्येक खेड्यास पगारी उपदेशक मिळेल असे दिवस आतां राहिले नाहींत. एका पाळकाकडे कित्येक गांवें असतात व कित्येक गांवांत त्याचें दर्शन महिन्यांतून एकदां होतें. आणि दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या वस्त्या रिकाम्या पडूं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. संसार गाडीवर घालून माणसें कारखान्यांच्या मुलुखांत निघून जातात व उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाहींत. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें व शाळेचीं मुलें. त्या चारपांच महिन्यांत आपली मंडळी कोठें असते? प्रार्थनामंदिरांत कीं उंसाच्या फडावर?

आमच्या भागांतील एका टोळीची गोष्ट सांगतों. फडाजवळच्या कोप्यांवर एका जोडप्याचें तान्हें मूल तापानें वारलें. रात्रीची वेळ, परका मुलूख, जवळ ना पाळक ना उपदेशक. बाप म्हणाला कीं, आतां ह्याला कसें पुरावें, आपल्या रीतीचें दोन शब्द बोलणारें येथें कोण आहे? तेव्हां त्याच टोळींतील एक बाई उठली. तिला वाचतां येत नव्हतें. तिनें डोक्यावर पदर घेतला, प्रभूची प्रार्थना म्हटली, पाठ असलेलें एक गीत म्हटलें, आणि बालकांस जवळ घेणाऱ्या प्रभूच्या हातीं तें मूल सोपविलें. सकाळ झाली तेव्हां मुकादमाच्या हिशेबांत एक कोयता त्या दिवसापुरता कमी होता. पण त्या कोप्यांवर ख्रिस्ताची मंडळी होती. मी तुम्हांस विचारतों, त्या रात्रीं त्या टोळीचा पाळक कोण होता? आणि अशा बाईला आपण मंडळींत कोणतें स्थान दिलें आहे? ती परत आल्यावर पुन्हां मागच्या सतरंजीवर बसून राहणार काय?

येथें पुष्कळ हरकती निघतात. पहिली ही कीं, आमचे लोक अडाणी आहेत. पण हीच हरकत जामखेडच्या खेड्यांबद्दलहि घेतां आली असती. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दंपतीनें त्या दुष्काळी भागांत काम आरंभिलें. त्यांनीं खेड्यांतल्याच बायका निवडल्या. त्यांपैकीं कित्येक निरक्षर होत्या, कित्येकींस गांव शिवून घेत नव्हतें. त्यांस बाळंतपण, मुलांचें खाणेंपिणें, तापावरील व जुलाबावरील उपचार शिकविले. आणि ज्या घरांत पूर्वीं त्यांस उंबरठा ओलांडूं देत नसत त्याच घरांनीं त्यांना बाळंतिणीच्या खोलींत बोलाविलें. १९७९ सालीं ह्या दंपतीस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आतां दोघेंहि प्रभूकडे गेलीं आहेत, पण गांवच्या बाईला जें शिकविलें तें तिच्यापाशीं राहिलें. ज्या बाईच्या हातीं बाळंतिणीचा जीव सोपवितां येतो तिच्या हातीं प्रार्थनासभा सोपवितां येणार नाहीं काय?

दुसरी हरकत अशी कीं, हे लोक कांहीं तरी चुकीचें शिकवितील. चूक होईल, हें खरें. अपुल्लोस मोठा वक्ता होता, तरी त्याचें ज्ञान अपुरें होतें. तेव्हां अक्विला व प्रिस्किल्ला यांनीं काय केलें? त्यांनीं त्याला भरसभेंत खालीं बसविलें नाहीं. त्याला आपल्याकडे नेलें व देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. चुकणाऱ्याचें काम काढून घेणें सोपें आहे. त्याला जवळ बसवून शिकविणें हें पुढाऱ्याचें काम आहे. शिवाय इथ्रोच्या योजनेंत अवघड गोष्ट मोशेकडेच यावयाची होती. भार वाटणें म्हणजे भार टाकून देणें नव्हे.

तिसरी हरकत तोंडानें कोणी बोलत नाहीं, पण ती सर्वांत बळकट असते. दुसरा पुढें आला तर माझा मान कमी होईल, ही ती हरकत होय. गणना ११ यांत एलदाद व मेदाद ह्या दोघांची कथा आहे. ते छावणींतच राहिले असतां त्यांवर आत्मा उतरला व ते संदेश सांगूं लागले. कोणी धांवत जाऊन मोशेला कळविलें, आणि यहोशवानेंहि त्यांस मना करण्याविषयीं विनविलें. मोशेनें त्यालाच विचारिलें कीं, माझ्यासाठीं तूं हेवा करतोस काय? परमेश्वराचे सर्वच लोक संदेष्टे झाले असते तर मला आनंद झाला असता. उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवांतील एखाद्या तरुणानें आपल्याहून चांगली प्रार्थना केली, एखाद्या बहिणीच्या सांगण्यानें लोकांचे डोळे भरून आले, तर आपल्या मनांत यहोशवा बोलतो कीं मोशे बोलतो, हें प्रत्येकानें देवासमोर तपासावें. करिंथ येथील मंडळींत पुढाऱ्यांच्या नांवानें तट पडले. आपल्या कमिट्यांच्या निवडणुकींत तेंच चालतें. जेथें खुर्ची एकच आहे व सेवा कोणालाच नको आहे तेथें तट पडणारच. जेथें सेवा दहा ठिकाणीं वाटली जाते तेथें एका खुर्चीचा मोह आपोआप कमी होतो.

मंडळीच्या सामान्य सभासदांसहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. पाळकाला पगार मिळतो, तर त्यानेंच सर्व करावें, असें आपल्यापैकीं कित्येक बोलतात. यरुशलेमांत विधवांच्या वांटणीवरून कुरकुर सुरू झाली, तेव्हां प्रेषितांनीं सर्व शिष्यांस बोलावून सांगितलें कीं, सात माणसें तुम्हीच निवडा. कुरकुर करणाऱ्यांसच निवडीचें काम मिळालें. आणि जीं सात नांवें पुढें आलीं तीं सर्व ग्रीक वळणाचीं आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती त्यांच्याच बाजूचीं तीं दिसतात. ज्याला गाऱ्हाणें करतां येतें त्याला सेवाहि करतां येते. आणि त्याचें फळ काय झालें? देवाच्या वचनाचा प्रसार झाला व शिष्यांची संख्या फार वाढली, असें लूक लिहितो. सेवा वाटली गेली आणि मंडळी वाढली.

तर मग प्रत्यक्ष काय करावें? थोडक्यांत सांगतों. दसऱ्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या मंडळीनें एकत्र बसावें. कोणत्या टोळीबरोबर आपलीं कोणतीं घरें जाणार, हें लिहून काढावें. प्रत्येक टोळींत एक भाऊ किंवा एक बहीण नेमावी. ती दहांवरची नायक. उपासनेच्या वेळीं तिला सर्वांसमोर उभें करून प्रार्थनेनें पाठवावें, म्हणजे तिच्या सेवेला मंडळीचा आधार आहे हें तिला व सर्वांना कळेल. तिच्याजवळ शास्त्र व गीतांचें पुस्तक द्यावें. वाचतां येत नसेल तर मोबाइलवर शास्त्राचें वाचन ऐकण्याची सोय करून द्यावी. दिवसभर तोड करून आलेल्या माणसांस लांब उपदेश नको. एक गीत, एक कथा व एक प्रार्थना पुरे. आणि टोळींतील उचल, दारू, मारहाण, मुलांची बुडालेली शाळा ह्या गोष्टी तिनें प्रार्थनेंत आणाव्या, लपवूं नयेत.

गांवीं जीं म्हातारीं व मुलें मागें राहतात त्यांस अनाथ समजूं नये. तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस हिच्या ठायीं होता, असें पौल म्हणतो. रविवारच्या मुलांच्या वर्गाची जबाबदारी अशा एखाद्या आजीवर द्यावी. मंडळीच्या पेटीला दोन किल्ल्या असाव्या व त्या दोन घरीं असाव्या. जमाखर्च दर महिन्यास उभे राहून मोठ्यानें वाचून दाखवावा. अन्यायाच्या पैशाचा तिटकारा हा जो गुण इथ्रोनें सांगितला त्याची जोपासना अशीच होते. आणि उपदेशक बंधूंनो, जें काम आपण आज करतां त्यांतील प्रत्येक काम शिकलेला निदान एक माणूस वर्षाअखेर आपल्या गांवांत असला पाहिजे, असा नेम करा. पहिल्यानें त्यानें आपणांस पाहावें, मग आपणांबरोबर करावें, मग त्यानें करावें व आपण मागें बसून ऐकावें. मागें बसणें कठीण आहे. पण बेणें सावलींतच राखलें जातें.

शेवटीं आपल्या प्रभूकडेच पाहूं या. त्याच्याइतका समर्थ पुढारी कोण झाला? तरी त्यानें एकट्यानें काम केलें नाहीं. त्यानें बारांना जवळ ठेविलें, सत्तरांना दोघे दोघे करून पाठविलें, आणि भाकरी मोडून ती लोकांत वाटण्याचें काम शिष्यांच्या हातीं दिलें. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं, वाडा बांधला नाहीं. अखेरच्या रात्रीं कंबरेस रुमाल बांधून त्यानें शिष्यांचे पाय धुतले. आणि जे त्याच रात्रीं पळून जाणार होते त्यांच्याच हातीं आपलें सर्व राज्य सोपविलें. गव्हाचा दाणा भूमींत पडून मेला नाहीं तर तो एकटाच राहतो, हें त्यानें शिकविलें व स्वतः करून दाखविलें. तो भूमींत पडला. म्हणूनच आज जालन्यांत, केडगांवांत, आपल्या हिंगोलीच्या वस्त्यांवर व परमुलुखांतील उंसाच्या फडांवर पीक उभें आहे.

ज्या प्रभूनें कोळ्यांस व जकातदारांस आपलें बेणें केलें, तो आपल्या खेड्यांतील दुर्बळ भासणाऱ्या भावांस व बहिणींस आपल्या कामाकरितां निवडून घेवो. पुढाऱ्यांस मागें बसण्याची नम्रता देवो, आणि मागें बसलेल्यांस पुढें येण्याचें धैर्य देवो. आमेन.